मोफत ऑनलाइन पाठ्यपुस्तकं: कॉलेजचं इंग्रजी लेखन आणि साहित्य शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (बडोदे)

वटपत्र

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. वय ४३, जन्म बडोद्याचा, घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. बीकॉम झालं, सात-आठ वर्षं अकाउंट्सची नोकरी केली, मग घर आणि मुलं. आता मुलगी बारावीला आहे आणि मी डिस्टन्सने एमए इंग्रजीला नाव घातलंय. हे मला वीस वर्षांपूर्वीच करायचं होतं.

वाचनाचं टेन्शन नाही. हळू वाचते, डिक्शनरी शेजारी असते, पण वाचते. अडतं ते लिहिताना. पहिली असाइनमेंट परत आली त्यावर एकच ओळ होती, ‘हा सारांश आहे, उत्तर नाही’. सारांश नको तर मग काय पाहिजे हे कुणी सांगितलं नाही, विचारायला गेले तर म्हणाले मागच्या वर्षीची गाईडं बघा. गाईडं बघितली, त्यातही सारांशच आहे, फक्त शब्द अवघड.

रावपुऱ्यात पुस्तकं बघून आले. चांगली समीक्षेची पुस्तकं सातशे-आठशेच्या खाली नाहीत आणि एका पेपरला तशी तीन-चार लागतात. ओळखीच्या एका मुलाने टेलिग्रामवरून सगळी पीडीएफ देतो म्हणून सांगितलं. पण माझे आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यांच्या बोटांची काळी नखं मला अजून आठवतात, चोरलेलं पुस्तक उघडायला माझं मन घेत नाही. म्हणून विचारतेय की ज्याने लिहिलं त्यानेच राजीखुशीने मोफत ठेवलेलं असं काही आहे का? नुसती साहित्याची माहिती नको, *लिहायचं कसं* हे शिकवणारं पाहिजे. आणि मोबाइलवर वाचता आलं पाहिजे, कारण लॅपटॉप मुलीकडे असतो आणि माझा अभ्यास रात्री साडेदहानंतर स्वयंपाकघरात.

फतेगंज_२०

ताई मी टीवायला आहे, इंग्रजी मेन. भरपूर आहे हो. ओपनस्टॅक्स बघा, अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीचं आहे, त्यांचं रायटिंग गाइड विथ हँडबुक नावाचं जाडजूड पुस्तक २०२१ चं, वेबवर वाचता येतं पीडीएफ पण मिळते. मग पर्ड्यू आउल, पर्ड्यू युनिव्हर्सिटीची लिखाणावरची साइट, एमएलए एपीए या पद्धतींनी संदर्भ कसे द्यायचे त्यासाठी सगळे तेच वापरतात. ओपन टेक्स्टबुक लायब्ररी, मिनेसोटा युनिव्हर्सिटीची, तिथे प्रोफेसर लोकांनी प्रत्येक पुस्तकाखाली रिव्ह्यू पण लिहिलेत. लिब्रेटेक्स्ट्स, तिथे पण मोफत पाठ्यपुस्तकं. रायटिंग स्पेसेस, लिहिण्यावरच्या निबंधांचे खंड. कादंबऱ्या कविता प्रोजेक्ट गुटेनबर्गवर, सत्तर हजारावर पुस्तकं आहेत. येलचा थिअरी ऑफ लिटरेचरचा अख्खा कोर्स आहे, पॉल फ्राय म्हणून सर आहेत, २००९ ची २६ लेक्चरं, ऐकायला पण आणि लिहून काढलेली पण. आणि आपलं ईपीजी पाठशाला. सगळं बुकमार्क करून ठेवा.

मकरपुरा_रोड

धागा साठवून ठेवतोय, माझ्या मिसेससाठी. तिचं पण असंच चाललंय.

दांडियाबाजारकर

वटपत्रताई, अभिनंदन आधी. मी ३१ वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. फतेगंजने दिलेली यादी बरोबर आहे, एकही नाव चुकीचं नाही, पण माझं ऐकाल तर ती यादी आज उघडू नका. मी माझ्या विद्यार्थ्यांत बघितलंय, ज्याच्याकडे पन्नास पुस्तकं डाउनलोड झालेली असतात तो एकही पान लिहीत नाही, कारण त्याला सारखं वाटतं की पुढचं पुस्तक जास्त सोपं असेल.

एकच घ्या. ॲमी गप्टिल नावाच्या बाईंचं रायटिंग इन कॉलेज. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठाने मोफत काढलेलं आहे, ओपन टेक्स्टबुक लायब्ररीत नाव टाकलंत की मिळेल. पातळ आहे. बाई समाजशास्त्राच्या आहेत, इंग्रजीच्या नाहीत, आणि मला वाटतं म्हणूनच पुस्तक चांगलं उतरलंय, कारण प्राध्यापकाला नक्की काय हवं असतं हे त्या बाहेरून सांगितल्यासारखं सांगतात. तुमच्या त्या ‘सारांश आहे, उत्तर नाही’चं उत्तर त्यात तिसऱ्या प्रकरणात आहे. तिथे थिसिसचे, म्हणजे निबंधातल्या मुख्य दाव्याचे, मजले सांगितलेत. तळमजला म्हणजे जे कुणीच नाकारणार नाही असं विधान. दुसरा मजला म्हणजे त्यावर तुमचा अर्थ, ज्याच्याशी कुणीतरी वाद घालू शकेल. तिसरा म्हणजे तो अर्थ खरा धरला तर त्यातून मोठं काय हाती लागतं ते.

आता हे नुसतं वाचून कळत नाही, म्हणून एक करून दाखवतो. वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता घ्या, शाळेत सगळ्यांना असते.

तळमजला: कवीने तळ्याकाठच्या फुलांचं सुंदर वर्णन केलं आहे. खरं आहे, पण यावर कोण भांडणार? आणि तुमची असाइनमेंट, न बघताच सांगतो, इथेच थांबली असणार.

आता कवितेतली क्रियापदं पेन्सिलने खूण करून बघा. पहिली तीन कडवी जवळजवळ सगळी भूतकाळात आहेत, मी भटकलो, मी पाहिलं, मी बघत राहिलो. शेवटच्या कडव्यात एकदम वर्तमानकाळ येतो, आता मी कोचावर पडलेलो असतो तेव्हा ती फुलं माझ्या मनात चमकून जातात. मग दुसरा मजला असा होईल: ही कविता फुलांची कमी आणि आठवणीची जास्त आहे, आणि हे कवीने काळ बदलून सांगितलं आहे. यावर कुणी म्हणू शकेल की नाही हो, फुलं पण तितकीच महत्त्वाची आहेत. म्हणजे वाद सुरू झाला, म्हणजे उत्तर सुरू झालं.

तिसरा मजला: कविता सुरू होते तेव्हा तो एकटा आहे, संपते तेव्हाही एकटाच, पण पहिलं एकटेपण रिकामं आहे आणि शेवटचं भरलेलं. लिरिकल बॅलड्स या संग्रहाच्या १८०० सालच्या प्रस्तावनेत वर्ड्सवर्थने स्वतःच म्हटलंय की कवितेचा उगम शांतपणे पुन्हा आठवलेल्या भावनेतून होतो. मग ही कविता म्हणजे त्या सिद्धांताचं प्रात्यक्षिक आहे असं तुम्ही म्हणू शकता.

माहिती तिन्ही ठिकाणी तीच आहे, एकही नवीन पुस्तक लागलं नाही. फक्त क्रियापदं मोजली.

गप्टिल संपलं की मग रायटिंग स्पेसेसमधले दोन निबंध वाचा, प्रत्येक निबंधाची वेगळी पीडीएफ मिळते. २०११ च्या दुसऱ्या खंडात माइक बन यांचा हाऊ टू रीड लाइक अ रायटर आहे, आणि त्याच खंडात लोक दुसऱ्यांची अवतरणं किती त्रासदायक रीतीने वापरतात त्यावर एक आहे. हे निबंध शिक्षकांनी थेट विद्यार्थ्यांशी बोलल्यासारखे लिहिलेत, भाषा सोपी आहे. ओपनस्टॅक्सचं जाड पुस्तक डिक्शनरीसारखं ठेवा, सलग वाचायचं नाही, टेक्स्ट ॲनालिसिसचं प्रकरण काढा आणि मागचं हँडबुक व्याकरणाला.

वटपत्र

सर, मी आत्ता रात्री सव्वाबारा वाजता उठून वही काढली आणि क्रियापदं खरंच मोजली. शाळेत ही कविता मला पाठ होती, अर्थासकट पाठ होती, आणि काळ बदलतो हे आज कळलं. कुणी सांगितलं नाही की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, माहीत नाही. झोप उडाली आहे.

कारेलीबाग_वासी

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. ही सगळी अमेरिकन फर्स्ट इयर कंपोझिशनची पुस्तकं आहेत. तिकडे मुलं घरी बसून दोन-तीन ड्राफ्ट लिहितात, शिक्षक प्रत्येक ड्राफ्ट वाचतात. आपल्याकडे तीन तासांत हाताने पाच मोठी उत्तरं लिहायची असतात. तपासणारा एका पेपरला किती मिनिटं देणार? त्याला हेडिंगं दिसली पाहिजेत, कोटेशन दिसली पाहिजेत. माझ्या भाच्याने असं ‘वाद घालणारं’ उत्तर लिहिलं आणि मार्क कमी आले, गाईडमधलं उतरवणाऱ्याला जास्त. ताईंना पास व्हायचंय ना? मग आधी सिलॅबसचं मटेरियल करा, मजले नंतर बांधा.

दांडियाबाजारकर

कारेलीबागकर, राग कसला, भाच्याचं झालं ते होतं, मी पण तपासलेत पेपर आणि एका दिवशी किती गठ्ठे संपवायचे असतात ते मला माहीत आहे. पण तपासणाऱ्याच्या बाजूने सांगतो. चाळीस पेपरांत एकोणचाळीस जण ‘कवी थोर निसर्गकवी होते’ने सुरुवात करतात. चाळिसाव्याने पहिल्या ओळीत स्वतःचं म्हणणं मांडलं की पेन थांबतं. फक्त ते म्हणणं पहिल्या दोन ओळींत यायला हवं, चौथ्या पानावर आलं तर तोपर्यंत मार्क ठरलेले असतात. तुमच्या भाच्याच्या बाबतीत कदाचित मुद्दा चांगला होता पण खाली दडला असेल, किंवा तपासणारं माणूसच तसं असेल, त्याला इलाज नाही.

आणि ड्राफ्टचं म्हणाल तर परीक्षेत तीन ड्राफ्ट होत नाहीत हे खरं, पण परीक्षेत नीट लिहिता यावं म्हणूनच घरी तीन ड्राफ्ट करायचे. गवई मैफिलीत रियाज करत नाही.

फतेगंज_२०

दोन्ही लागतं असं मला वाटतं. मी काय करतो, सिलॅबसचं आपल्या साइट्सवरून घेतो आणि लिहिण्याचं तिकडच्या. ईपीजी पाठशाला म्हणजे यूजीसीचं, पीजीच्या लेव्हलचं, इंग्रजीचे वेगवेगळे पेपर आहेत, प्रत्येक मॉड्यूलला वाचायचा मजकूर, व्हिडिओ, स्वतः तपासायचे प्रश्न आणि पुढे काय वाचायचं ते. हे सगळं चालवणारं इनफ्लिबनेट आपल्या गांधीनगरलाच आहे. इग्नूचं ईज्ञानकोश पण आहे, त्यांच्या एमए इंग्रजीच्या एमईजी कोडचे सगळे ब्लॉक म्हणजे पुस्तिका, ब्रिटिश कविता एमईजी १ आणि समीक्षा एमईजी ५. मी इग्नूचा विद्यार्थी नाही तरी वाचतो, कुणीही वाचू शकतं. समीक्षेचा ब्लॉक मला आमच्या वर्गातल्या नोट्सपेक्षा सरळ वाटला. वाक्यं बनवताना अडलात तर मँचेस्टर युनिव्हर्सिटीचं ॲकॅडेमिक फ्रेजबँक उघडा, ‘असहमती कशी दाखवायची’, ‘सावधपणे विधान कसं करायचं’ अशी तयार वाक्यांची सुरुवात मिळते. माझी पण शाळा गुजराती माध्यमाची, मला त्याने फार आधार दिला.

पेटीवाचनालय

मी ग्रंथालयात काम करते. धाग्यात ‘मोफत’ हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी आलाय, तो जरा सोडवते, कारण वटपत्रताईंनी आजोबांचं जे लिहिलंय ते मला फार लागलं.

पहिला प्रकार, खरंच खुलं. लेखकाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावलेला असतो. त्यात बीवाय म्हणजे नाव द्या आणि वापरा. एसए असेल तर तुम्ही बदल करून जे बनवाल तेही त्याच परवान्याने खुलं ठेवा. एनसी म्हणजे धंदा करू नका. एनडी म्हणजे जसंच्या तसं वाटा पण बदललेलं वाटू नका, म्हणजे त्याचं भाषांतरही प्रसिद्ध करता येत नाही. गप्टिलबाईंच्या पुस्तकावर बीवाय-एनसी-एसए आहे. याचा अर्थ ताई तुम्ही ते डाउनलोड करा, झेरॉक्स काढा, मैत्रिणीला द्या, उद्या त्याचं मराठी करून नेटवर ठेवा, फक्त नाव त्यांचं द्या, पैसे घेऊ नका आणि तुमचं मराठीही तसंच खुलं ठेवा. कुणाची चोरी नाही, त्यांनीच सांगितलंय घ्या म्हणून.

दुसरा प्रकार, वाचायला मोफत पण हक्क राखीव. पर्ड्यू आउल असं आहे. वाचा, शिका, पण उचलून आपल्या नोट्स म्हणून वाटू नका.

तिसरा प्रकार, हक्कांची मुदत संपलेलं. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं, पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. अमेरिकेत हिशोब वेगळा, जुन्या पुस्तकांना छापल्यापासून ९५ वर्षं. गुटेनबर्ग अमेरिकेच्या कायद्याने चालतं म्हणून तिथे एखादं पुस्तक दिसलं नाही तर आपल्याकडे ते बंद आहे असं समजू नका. ऑर्वेल १९५० साली गेला, भारतात तो २०११ पासून मोकळा आहे, पण त्याची १९४९ ची कादंबरी अमेरिकेत अजून बंद आहे. आणि उलटही होतं. एलियटची १९२२ ची दीर्घकविता तिकडे केव्हाच मोकळी झाली, तो गेला मात्र १९६५ च्या जानेवारीत, म्हणून आपल्याकडे २०२५ संपेपर्यंत हक्क होते. तुमच्या सिलॅबसमधलं बहुतेक सगळं एकोणिसाव्या शतकापर्यंतचं असेल तर काळजीच नको.

टेलिग्रामची पीडीएफ या तिन्हींत बसत नाही. तुमचं मन घेत नाही ते बरोबरच आहे.

माझ्या नावाबद्दल सांगायचं तर, सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून राज्यभर वाचनालयांची व्यवस्था उभी केली, तेव्हा गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. पेटी यायची, गाव वाचायचं, पेटी पुढच्या गावाला जायची. मला ओपन टेक्स्टबुक बघितलं की ती पेटी आठवते, आणि हे सगळं तिकडून आलंय म्हणून परकं वाटायचं कारण नाही, आपल्या गावाला याची सवय शंभर वर्षांची आहे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत एकदा जाऊन या ताई, फोन घेऊन जा आणि तिथे बसून गप्टिल वाचा, घरापेक्षा शांत.

वाडी_रंगमहाल

पेटीवाचनालयताईंनी बडोद्याचं काढलंच आहे तर मी पण एक सांगतो, मला राहवत नाही. लिहायचं कसं हे शिकवणारं पुस्तक शोधताय ना सगळे? गायकवाड ओरिएंटल सिरीजचं पहिलं पुस्तक कुठलं माहितीये? राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६ साली बडोद्यातून छापली. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं पुस्तक, आणि ते कवितेबद्दल जितकं आहे तितकंच कवीने काम कसं करायचं याबद्दल आहे. दहावा अध्याय वाचा. कवीजवळ पाटी-खडू, लेखणी, दौत, ताडपत्रं किंवा भूर्जपत्रं कायम असावीत म्हणतो. दिवसाचे चार प्रहर पाडलेत. पहिल्यात अभ्यास, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात चर्चा, आणि चौथ्यात सकाळी लिहिलेलं तपासायचं, एकट्याने किंवा मोजक्या लोकांबरोबर. का? तर लिहिताना माणूस भरात असतो, तेव्हा त्याला चूक दिसत नाही. आणि तपासायचं म्हणजे काय तेही सांगितलंय, जास्तीचं काढा, कमी पडलेलं भरा, चुकीच्या जागी गेलेलं हलवा, विसरलेलं आठवून घाला.

अमेरिकन पुस्तकात रिव्हिजनवर अख्खं प्रकरण असतं ते हेच. जुनी प्रत स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर आहे, संस्कृत आहे पण प्रस्तावना इंग्रजीत.

दांडियाबाजारकर

वाडी, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. ३१ वर्षांत मी मुलांना रिव्हिजन शिकवताना एकदाही हे सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

अनुवादिनी_बडोदे

उशिरा येतेय. मी गुजराती-मराठी भाषांतरं करते. वरचा परवान्याचा भाग वाचून एकदम डोक्यात आलं की गप्टिलचं एखादं प्रकरण मराठीत करून बघू या का? इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यालाच का, मराठी घेऊन बीए करणाऱ्यालाही निबंध कसा बांधायचा हे कुणी शिकवत नाही. पण पहिल्याच पानावर अडले. थिसिसला काय म्हणायचं? प्रबंध म्हटलं तर पीएचडी वाटते. प्रतिपाद्य बरोबर आहे पण जड. ‘म्हणणं’ म्हणू का? ‘तुमचं म्हणणं पहिल्या परिच्छेदात सांगा.’ मला हेच बरं वाटतंय. क्लोज रीडिंगला बारीक वाचन की निरखून वाचन?

आणि शब्दांसाठी एक सांगते, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात, मोफत. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड नेटवर आहेत, कादंबरी, शोकात्मिका, रूपक असल्या नोंदी इंग्रजीवाल्यांनीही वाचाव्यात, एकदा आपल्या भाषेत संकल्पना कळली की इंग्रजी पान हलकं होतं. महाराष्ट्राच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत.

पेटीवाचनालय

‘म्हणणं’ला माझं मत. आणि ‘निरखून वाचन’.

कारेलीबाग_वासी

‘म्हणणं’ मलाही आवडलं. भाच्याला सर तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. तो म्हणाला मुद्दा खरंच तिसऱ्या पानावर होता. मला वाटलं नव्हतं की तो असं कबूल करेल.

मकरपुरा_रोड

मिसेसने विचारलंय, एकट्याने लिहून बरोबर की चूक हे कळणार कसं? पुस्तकं सगळी मिळाली पण तपासणार कोण?

दांडियाबाजारकर

हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर कुठल्याच मोफत पुस्तकात पूर्ण नाही. पुस्तक प्रश्न देतं, वाचणारा माणूस देत नाही. ओपनस्टॅक्सच्या प्रकरणांत एकमेकांचे ड्राफ्ट वाचायचे प्रश्न दिलेत ते वापरा, पण त्याला समोर कुणीतरी लागतं. इंग्रजी शिकलेलंच पाहिजे असं नाही. शेजारणीला तुमचा परिच्छेद वाचून दाखवा आणि विचारा, मी काय म्हणतेय ते तुझ्या शब्दांत सांग. तिला नाही सांगता आलं तर दोष शेजारणीचा नाही. राजशेखर म्हणतो तसं, मोजकी माणसं.

वटपत्र (सात आठवड्यांनी)

सगळ्यांना नमस्कार. इतके दिवस गप्प होते कारण सर म्हणाले तसं केलं, एकच पुस्तक. रोज रात्री साडेदहा ते साडेअकरा. गप्टिल पूर्ण झालं, दोन प्रकरणं दोनदा वाचावी लागली. मोबाइलवर पीडीएफची अक्षरं बारीक होतात म्हणून सेंट्रल लायब्ररीच्या रस्त्यावर एकाकडे प्रिंट काढून घेतली, परवाना आहे म्हणून निर्धास्त काढली. वरती मी पेन्सिलने आजोबांचं नाव लिहिलंय, का ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या असाइनमेंटला रोमँटिक कविता होती. मी डॅफोडिल्सच घेतली, सरांचं म्हणणं उचलायचं नाही असं ठरवून. गुटेनबर्गवर डोरोथी वर्ड्सवर्थची डायरी मिळाली, कवीची बहीण. १५ एप्रिल १८०२ ची नोंद आहे. ती फुलं त्या दिवशी दोघांनी मिळून पाहिली होती! ती लिहिते की फुलं वाऱ्यावर डुलत होती, नाचत होती, हसल्यासारखी दिसत होती, काही तर थकून दगडांवर डोकं टेकल्यासारखी होती. दोन-अडीच वर्षांनी भावाने कविता लिहिली, १८०७ ला छापली, त्यात नाच आहे, आनंद आहे, बहीण मात्र नाही, तो एकटाच भटकतोय. मी ते वाचलं तेव्हा कुकरची शिट्टी होऊन गेली तरी कळलं नाही. नंतर वाचलं की ताऱ्यांचं कडवं तर पहिल्या छापील कवितेत नव्हतंच, ते १८१५ च्या आवृत्तीत आलं.

मग माझं म्हणणं असं मांडलं, पहिल्याच परिच्छेदात: कवितेतलं एकटेपण घडलेलं नाही, घडवलेलं आहे. आठवण म्हणजे जपणं असं आपण धरतो, पण या कवितेत आठवण निवडते, कुणाला ठेवायचं आणि कुणाला गाळायचं ते. शेवटच्या कडव्यातल्या एकांताचं सुख त्या गाळण्यावर उभं आहे. मला बहिणीची बाजू घेऊन भांडायचं होतं, पहिल्या ड्राफ्टमध्ये भांडलेही, चार पानं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर पुरावा दोन ओळींचा आणि राग चार पानांचा. जास्तीचं काढलं. तिसऱ्या ड्राफ्टला डायरीतले आणि कवितेतले शब्द शेजारी-शेजारी ठेवले आणि राग आपोआप कमी लागला.

फ्रेजबँकचा उपयोग झाला, विशेषतः ‘असं सुचवता येईल’ या प्रकारच्या वाक्यांना, मी आधी सगळीकडे ‘नक्कीच’ लिहायचे. ईपीजी पाठशालातला रोमँटिक भाग वाचला पार्श्वभूमीसाठी. येलची लेक्चरं तीन ऐकली, अजून मला जड जातात, बाजूला ठेवलीत.

असाइनमेंट काल परत आली. मार्क ठीक आहेत, फार नाहीत, संदर्भ द्यायची पद्धत दोन ठिकाणी चुकली म्हणून कापलेत आणि ते बरोबर कापलेत. पण शेवटी लाल पेनने लिहिलंय, ‘कवितेत बहिणीची खूण कुठेच राहिली नाही का? शोधा.’ म्हणजे कुणीतरी माझं म्हणणं पूर्ण वाचलं आणि मला पुढचा प्रश्न विचारला. ४३ वर्षांत माझ्या लिखाणावर कुणी प्रश्न विचारला नव्हता.

मकरपुरा_रोड, तुमच्या मिसेसशी माझं बोलणं झालं, त्या येताहेत. अनुवादिनीताईंनी तिसऱ्या प्रकरणाचं मराठी अर्धं केलंय, ते त्या आणणार आहेत, ‘म्हणणं’ शब्द चालतो का ते बघायचंय. फतेगंज आणि कारेलीबागकरांचा भाचा पण येतोय. या रविवारी सकाळी साडेसातला कमाटीबागेत, म्युझियमच्या बाजूच्या बाकांवर. प्रत्येकाने एक पान आणायचं, हाताने लिहिलेलं चालेल. सर, तुम्हाला गुडघ्यामुळे लांब चालवत नाही हे माहीत आहे, भाचा स्कूटरवर घ्यायला येईल, सात वाजता तयार राहा.

दांडियाबाजारकर

पावणेसातला खाली उभा असेन. लाल पेन आणत नाही, पेन्सिल आणतो.